वसईच्या वाडीतील हिवाळा

वसईच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडावे, पहिल्या पानापासून किल्ला समोर उभा राहतो. गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांशी तह करून वसई त्यांच्या स्वाधीन केली ती २३ डिसेंबर १५३४ रोजी. चिमाजी आप्पांनी ती १७३९ साली जिंकून घेतली. दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून मराठी राज्याच्या स्वातंत्र्यावर पाणी सोडले ते ३१ डिसेंबर १८०२ रोजी, याच वसईत. वसईच्या नावाने प्रसिद्ध असलेले हे दोन्ही तह ऐन हिवाळ्यातले आहेत. त्यांतील अटी इतिहासाच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. परंतु त्याच हिवाळ्यात, किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर, वाडीतील कुटुंब पहाटेपासून रात्रीपर्यंत कशात गुंतलेले असे, हा विषय तहनाम्यांच्या कक्षेत येत नाही. प्रस्तुत लेख त्या कुटुंबाविषयी आहे.

उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला उल्हास नदीच्या मुखाची वसई खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र, असा हा तिन्ही बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेला पट्टा. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, सांडोर, पापडी ही गावे त्यावर ओवलेली. उत्तरेकडे साधारणपणे सामवेदी ख्रिस्ती म्हणजे कुपारी समाजाची वस्ती, दक्षिणेकडे वाडवळांची. बोली निराळी, लुगड्याची नेसण निराळी. मात्र दोघांचेही पोट वाडीवर. सखल खाचरात पावसाळ्यात भात आणि घराभोवतालच्या उंचवट्यावर बारमाही बागाईत, अशी ही दुहेरी शेती होती. केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले ही तिची मुख्य पिके.

भात हेच एक पीक असलेल्या कोकणातील गावांत कापणी-झोडणी आटोपली की हातांना काही काळ विसावा मिळे. वसईच्या वाडीला तो नव्हता. ऑक्टोबरात पाऊस थांबे तो थेट जूनपर्यंत. म्हणजे वर्षाचे आठ महिने प्रत्येक केळीच्या बुंध्याला आणि प्रत्येक पानवेलीला माणसाने पाणी पाजायचे. त्यातच खाचरातील भात कापून खळ्यावर आणायचे, झोडायचे, पेंढा रचायचा, शेणाने सारवलेल्या कणगीत दाणा भरायचा. एकीकडे जुन्या हंगामाची आवराआवर, दुसरीकडे नव्या हंगामाची लागवड. नोव्हेंबर आणि डिसेंबर हे महिने असे दोन्ही टोकांनी जळत असत.

या सर्व धावपळीचा ताल धरी तो रहाट. उथळ विहिरीवर किंवा बावखलाच्या काठी लाकडी चाक, त्यावरून खाली सोडलेली दोरांची माळ आणि तिला बांधलेली मातीची मडकी. दातेरी चाकांच्या जोडीला जुंपलेला बैल अथवा रेडा गोल फिरू लागला की मडकी एकामागून एक भरून वर येत आणि पन्हळीत रिती होत. तेथून पाटाने पाणी वाफ्यांत जाई. ही यंत्रणा चालवायला तीन जीव लागत: जनावर, त्याच्यामागे फिरणारे एखादे पोर आणि वाफ्यात उभे राहून पाण्याची दारे फिरवणारे मोठे माणूस. शिंपणे पहाटे सुरू होई, कारण उन्हे चढल्यावर जनावर थके. गार वाऱ्यात अंगावर घोंगडी ओढून रहाटामागे फेऱ्या मारणारी मुले हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे घरोघरीचे दृश्य होते. आज साठी-सत्तरी ओलांडलेली मंडळी रहाटाच्या कुरकुरीची आठवण मोठ्या गोडीने काढतात. ती गोडी खरी आहे. पण त्या कुरकुरीपायी किती मुलांची शाळा बुडाली, हेही त्याच आठवणीत मोजायला हवे.

बावखल हा शब्द नव्या पिढीच्या वाचकांसाठी थोडा उलगडून सांगतो. वाडीच्या सखल भागात खणलेले हे खड्डेवजा तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरींना पुरे. गुरे तेथे पाणी पीत, लुगडी तेथेच धुतली जात. कोणा अभियंत्याने त्याचा आराखडा काढला नव्हता, तरी वसईची सारी बागाईत त्याच्या आधाराने उभी होती.

हिवाळ्याची खरी कला मात्र सुकेळीत दिसे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरमध्ये आगाशीकडील सुकवलेल्या केळ्यांची नोंद आहे. तेथे केळीच्या जातींची नावेही दिली आहेत. बसराई, मुठेळी, तांबडी, राजेळी, सोनकेळी अशी ती माळ वाचताना आपण किती गमावले याचा अंदाज येतो. सुकेळीसाठी राजेळीच हवी. ही केरळातील नेंद्रनच्या कुळातली जात: झाड उंच, वाऱ्याने मोडणारे, घड यायला वेळ लावणारे. पाऊस पुरता थांबून कोरडे ऊन पडू लागले की घड उतरवायचे, पेंढ्याच्या उबेत पिकवायचे, साले काढून केळी मांडवावर पसरायची. दिवसभर ऊन खाऊ द्यायचे, आणि संध्याकाळी दव पडण्याआधी सगळी गोळा करून रात्रभर झाकून ठेवायची. झाकलेल्या केळ्यांना आतल्या आत पाझर सुटतो, त्याने गोडी वाढते. सकाळी पुन्हा मांडव. असा क्रम आठवडाभर चालला म्हणजे केळ्याला मधासारखा रंग येतो. मग केळीच्याच वाळल्या पानांत त्याची पुडकी बांधायची.

यात अवघड काय, असे वाटेल. अवघड एवढेच की, घरातील एक माणूस आठवडाभर आकाशाकडे डोळे लावून बसलेले असले पाहिजे. अवेळी ढग आले, एखाद्या संध्याकाळी झाकायला उशीर झाला, तर सारा माल बुरसतो. हे काम बहुधा घरातील म्हातारीकडे असे. तिला वाडीत वाकणे जमत नसे, रहाटामागे चालणे तर नाहीच. पण वर्षातील रोख उत्पन्नाचा एक भाग तिच्या नजरेवर अवलंबून असे आणि घरात तिचा शब्द चाले, त्याला हेही एक कारण होते. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळ येथे शंकराचार्यांच्या समाधिस्थानी यात्रा भरते. तेथील सुकेळीचा बाजार प्रसिद्ध आहे. यात्रा हिंदू भाविकांची, परंतु विकणाऱ्यांत आणि घेणाऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबे नेहमीच राहिली आहेत. किल्लाबंदर, पाचूबंदर आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यांवर त्याच उन्हात कोळी कुटुंबांचे बोंबील वलांडीवर वाळत असत. वाडीतल्या केळ्याचे आणि समुद्रातल्या मासळीचे भवितव्य एकाच उन्हावर ठरे.

पिकले ते विकले गेले पाहिजे. पूर्वी माल खाडीमार्गे होड्यांतून मुंबईस जाई. १८६४ साली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग मुंबईला येऊन भिडला आणि वाडीचे घड्याळ बदलले. १८६७ साली विरारहून मुंबईपर्यंत लोकल गाडी सुरू झाली. १९३६ साली विरारपर्यंत विजेची गाडी आली. आता मालाची वेळ भरती-ओहोटीवर नव्हे, पहाटेच्या गाडीवर ठरू लागली. रात्री तेर्स संपला की अंगणात कंदिलाच्या उजेडात जुड्या बांधायच्या, पाने मोजायची, फुले ओल्या फडक्यात गुंडाळायची. मग दोन-चार तासांची झोप, आणि तांबडे फुटण्याआधी टोपली डोक्यावर घेऊन स्त्रिया निघत. दुधाच्या किटल्या घेऊन पुरुष निघत. बैलगाडी किंवा टांगा मिळाला तर ठीक, नाही तर स्टेशनापर्यंत पायपीट.

सरकारी दप्तरात शेतकरी म्हणून नोंद घरातील पुरुषाची. वसईची भाजी आणि फुले मुंबईकरांच्या दारात पोहोचवली ती मात्र मुख्यतः या लाल लुगड्यातल्या बायकांनी. दर ठरवणे, गिऱ्हाईक राखणे, उधारी लक्षात ठेवणे, हा सारा व्यवहार त्यांच्या डोक्यात असे. दुपारी परतल्यावर त्यांनाच चूल पेटवायची असे, आणि खळ्यावरचे भात उखळात कांडायचे असे. वसईच्या आर्थिक इतिहासात या टोपलीला अद्याप तिचे मानाचे पान मिळालेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या धबडग्यात सण कोठे बसत? चर्चची घंटा दिवसाचे तीन भाग पाडी: पहाटे, माध्यान्ही, सायंकाळी. वर्षाचे भागही धर्मपंचांगानेच पाडले होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली आगमनकाळापासून तीन राजांच्या सणापर्यंत, आणि राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थान सणानंतरच्या आठवड्यापर्यंत थाटाच्या विवाहविधीस मनाई केली होती. साहजिकच लग्नांना वाव उरे तो ७ जानेवारीपासून राखेच्या बुधवारपर्यंत. हा बुधवार दरवर्षी सरकतो. १९१३ साली तो ५ फेब्रुवारीला आला, म्हणजे लग्नसराईला जेमतेम चार आठवडे मिळाले. पुढे १९१७ च्या धर्मसंहितेने नाताळानंतरचा निर्बंध सैल केला. १९४३ साली राखेचा बुधवार १० मार्चला पडला, तेव्हा हाती दोन महिन्यांहून अधिक अवधी होता.

ही केवळ पंचांगातील गंमत नाही. आगमनकाळ म्हणजे कापणी, झोडणी आणि सुकेळीचा काळ. त्या वेळी लग्न निघाले असते तर वाडी ओस पडली असती. जानेवारीत कणगी भरलेली असे, नाताळाच्या फुग्यांचा आणि रोट्यांचा गोडवा जिभेवर असे, आणि पाहुण्यांच्या पंगतीला नवा तांदूळ असे. तरीही रहाट थांबत नसे. मांडवात वाजंत्री वाजत असताना कोणी तरी बैलामागे फिरतच असे. सून घरात आली की घरात दोन हात वाढत, मुलगी सासरी गेली की एक टोपली कमी होई. वधूच्या आईच्या डोळ्यांतील पाण्याला हाही एक पदर होता. तो उघड बोलला जात नसे, इतकेच.

आता पाण्याकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण या हिवाळ्याचा शेवट तेथे झाला. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, कारण ते हलके असते. हॉलंडमधील बाडोन घायबेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि जर्मनीतील हर्झबर्ग यांनी १९०१ साली याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी असेल, तर खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत त्याचा थर असतो. याचाच उलट अर्थ असा की, विहिरीची पातळी एक फुटाने खाली गेली की खालचे खारे पाणी चाळीस फूट वर सरकू पाहते. वाडीतील शेतकऱ्याने घायबेनचे नाव ऐकलेले नव्हते. परंतु त्याचा रहाट बैलाच्या चालीने चाले, बैल दुपारी सुटे आणि रात्रभरात विहीर पुन्हा भरे. त्या संथपणाने विहीर आपोआप राखली जात होती.

विसाव्या शतकात आधी तेलाची इंजिने आली, पुढे विजेचे पंप आले. त्यांना दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. पंपाने रहाटामागच्या मुलाला शाळेत पाठवले, जनावराचे हाल थांबवले, घरातील म्हाताऱ्यांची पहाटेची झोप परत दिली. परंतु पंप थकत नाही. जे पाणी दिवसभरात निघे ते तासाभरात निघू लागले, आणि लागवडही त्या प्रमाणात वाढली. तरीसुद्धा ते पाणी निदान वाडीतच जिरत होते. १९८० च्या दशकात वसई रोड आणि नालासोपारा येथे इमारती उठल्या आणि त्यांच्यासाठी वाड्यांतील विहिरींचे पाणी टँकरने जाऊ लागले, तेव्हा ते कायमचेच बाहेर पडले. काही विहिरी मचूळ झाल्या, केळीची पाने कडेने करपू लागली. त्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली ती याच प्रश्नावर. टँकरविरुद्धच्या त्या आंदोलनात वाडीतल्या स्त्रिया मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या. टोपली घेऊन पहाटेच्या गाडीला जाणाऱ्या बायकांच्याच या लेकी-सुना होत्या.

२००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. अनेक बावखले भराव टाकून बुजवली गेली. उरलेल्यांपैकी काहींचा गाळ अलीकडे तरुण मंडळी श्रमदानाने काढू लागली आहेत. राजेळीची लागवड कमी झाली आहे. सुकेळी करणारी घरे अजून आहेत. पाऊस ऑक्टोबरच्या पुढे लांबतो त्या वर्षी त्यांचा मांडव उशिरा पडतो आणि निर्मळच्या यात्रेत माल कमी येतो. काही जुन्या विहिरींवर रहाटाची दगडी बैठक शाबूत आहे. पंपाचा नळ तिच्यावरूनच आत सोडलेला असतो.