मारुतीची जाळी आणि मराठवाड्यात उशिरा पोचलेलं पेट्रोल

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात गढी नाही, ताम्रपट नाही, निजामाचं फर्मानही नाही. यात आहे एक लोखंडी पाइप. मारुती ८००च्या इंजिनापासून निघून गाडीच्या पोटाखालून मागच्या बंपरपर्यंत जाणारा, आठेक फुटांचा.

नांदेडला किंवा लातूरला कुठल्याही जुन्या गॅरेजात तासभर बसा. कुणीतरी जुनी मारुती, झेन नाहीतर अल्टो घेऊन येतो आणि म्हणतो, गाडी ओढत नाही. मिस्त्री खाली वाकून बघतात आणि सल्ला देतात, "जाळी काढून टाका दादा, सरळ पाइप टाकू. गाडी मोकळी होती." जाळी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. डब्यात मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक भोकं असलेली एक वीट असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा थर असतो आणि विषारी धूर त्यातून जाताना बराचसा निरुपद्रवी होतो.

लोक म्हणतात, हे सगळं रील्स बघून आलेलं फॅड आहे. आवाजाच्या बाबतीत बऱ्याच अंशी असेलही. पण जाळी काढायला सांगणारे मिस्त्री पन्नाशी-साठीतले असतात. त्यांनी हा धडा इन्स्टाग्रामवर घेतलेला नाही. माझं म्हणणं असं आहे की हा सल्ला साधारण १९९५ ते २००० या पाच वर्षांत रुजला, आणि त्याचं मूळ गॅरेजात नाही, पेट्रोल पंपावर आहे.

आधी पाइप काय करतो ते बघू. ८००चं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसी. फोर स्ट्रोक, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. हिशेब करा: ६००० आरपीएमला सेकंदाला १५० धमाके. नुसती उभी असताना, ९०० आरपीएमला, बावीस-तेवीस. प्रत्येक धमाक्यामागे गरम वायूचा एक लोंढा पाइपात शिरतो आणि त्याच्याबरोबर दाबाची लाट. सायलेन्सरच्या डब्यात कप्पे आणि भोकाच्या नळ्या असतात. लाट तिथे फुटते, उलटी फिरते, पुढून येणाऱ्या लाटेवर आपटते आणि आवाज बसतो.

ही कल्पना जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी १८९७मध्ये मफलरचं पेटंट घेतलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत चालकांनी पायाने उघडायची झडप बसवून घेतली, जिला तिकडे कटआउट म्हणायचे. चढ आला की झडप उघडायची, धूर सायलेन्सरला वळसा घालून सरळ बाहेर. गावात शिरताना बंद करायची. अर्थात गावात शिरतानाच जास्त लोक ती उघडायला लागले आणि शहरांना बंदी घालावी लागली. म्हणजे बुलेटची पुंगळी काढून कॉलेजसमोरून जाणाऱ्या पोराला शंभर वर्षांची परंपरा आहे. मराठीत तर आपण मोटारसायकलला नावच आवाजावरून दिलं, फटफटी.

आता "मोकळी" या शब्दाकडे येऊ. कार्ब्युरेटरवाल्या ८००ची ताकद साधारण ३७ हॉर्सपॉवर. चांगला फ्री-फ्लो सायलेन्सर टाकून पाच टक्के वाढ मिळाली असं उदार मनाने धरलं, तरी दोन हॉर्सपॉवर होत नाहीत. एसी लावला की तेवढी जातेच. उलट पाइप फार रुंद टाकला तर वायूचा वेग मंदावतो आणि कमी आरपीएमला गाडी अजून मरगळते. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला येताना अहमदपूरच्या आसपासच्या चढांवर चार माणसं बसलेल्या ८००ला जी ताकद लागते ती नेमकी हीच, खालची. मग मिस्त्रींना आणि गिऱ्हाइकाला गाडी खरोखर हलकी झाल्यासारखी का वाटायची? दोघंही मूर्ख होते असं मानायला मी तयार नाही. ज्या गाड्या त्यांच्यासमोर यायच्या त्यांच्या जाळ्या बऱ्याचदा खरंच मेलेल्या किंवा बुजलेल्या असणार.

का, तर त्यासाठी शिशाची गोष्ट सांगावी लागेल.

१९२१मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने शोधून काढलं की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड घातलं की इंजिनातली खटखट थांबते. शिसं विषारी आहे हे तेव्हाही माहीत होतं. तरी पुढची पन्नास वर्षं जगभर ते पेट्रोलमधून जळत राहिलं. यूजीन हूड्री नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने पन्नासच्या दशकात मोटारीसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बनवला, पण तो चालेना, कारण शिशाचा थर धातूंवर बसला की जाळी निकामी होते. म्हणून अमेरिकेने जाळी आणि बिनशिशाचं पेट्रोल जोडीने आणलं, १९७५च्या मॉडेलच्या गाड्यांपासून. दोन्ही एकत्र आले तरच उपयोग, एकटं आलं तर पैसे पाण्यात.

भारतात मारुती ८०० रस्त्यावर आली १४ डिसेंबर १९८३ला. तेव्हा जाळीचा प्रश्नच नव्हता. पुढे एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या मागे लकडा लावला आणि १ एप्रिल १९९५पासून नवीन पेट्रोल गाड्यांना जाळी सक्तीची झाली. पण कुठे? दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास. बिनशिशाचं पेट्रोलही आधी या चार शहरांतच. संपूर्ण देशात शिशाचं पेट्रोल बंद व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडला. मधल्या काळात शिशाचं प्रमाण कमी केलं गेलं, जाळीची सक्ती आणखी शहरांत गेली, पण पंपावरचं पेट्रोल सगळीकडे जाळीला चालेल असं झालं ते २०००मध्येच.

आता १९९६ची एक एमएच-०१ किंवा एमएच-०२ नंबरची मारुती डोळ्यासमोर आणा. मुंबईत घेतलेली, म्हणून जाळीवाली. मालक दिवाळीला गावी निघाला, लातूरला. जाताना टाकी भरली बिनशिशाची. येताना? चार महानगरांबाहेर ते पेट्रोल मिळेलच याची खात्री नव्हती. जे मिळेल ते भरायचं. आणि जाळी मारायला शिशाच्या थोड्याच टाक्या पुरतात.

त्याच गाडीचा पुढचा प्रवास आपल्याला ओळखीचा आहे. मुंबई-पुण्यातली गाडी तीन-चार वर्षांनी विकली जाते आणि मराठवाड्यात येते. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये एमएच-२६पेक्षा बाहेरचेच नंबर जास्त आठवतात. लातूरला मामाकडेही तसंच, एमएच-२४ क्वचित. म्हणजे जाळी मराठवाड्यात आली ती शोरूममधून कमी, सेकंडहँड बाजारातून जास्त. ती आली तेव्हा इथल्या पंपावर तिला मारणारं पेट्रोलच होतं. त्यात कार्ब्युरेटर नीट सेट नसला की न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन जळतं, आतली वीट तापून वितळते आणि भोकं बुजतात. धुराला वाटच राहत नाही. गाडी चढावर दम तोडते. अशा वेळी मिस्त्रींनी डबा कापला, आतला चुरा झटकला, नळीचा तुकडा वेल्ड केला. गाडी पळाली. त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय निष्कर्ष काढला असता?

त्या गाडीपुरतं त्यांचं बरोबरच होतं. मेलेली जाळी धूर साफ करत नाही, नुसती अडवते. गडबड पुढे झाली. पेट्रोल बदललं, एमपीएफआय आलं, जाळ्या नीट चालायला लागल्या, तरी सल्ला तोच राहिला. आमच्या कोडिंगच्या धंद्यात असं रोज दिसतं: एखाद्या जुन्या बगसाठी केलेली तात्पुरती सोय, बग गेल्यावरही कुणी काढत नाही आणि नवीन आलेला पोरगा तिलाच नियम समजतो.

या पाच वर्षांचा हिशेब मात्र फक्त गाड्यांपुरता नाही. माझा जन्म नांदेडचा, १९९७चा. माझ्या वयाचं मुंबईतलं पोर ज्या पंपासमोरून बाबागाडीतून जायचं तिथे बिनशिशाचं पेट्रोल मिळत होतं. माझ्या पंपावर शिशाचं. शिसं मुलांच्या वाढत्या मेंदूला बाधतं, त्याला सुरक्षित अशी पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते धुरातून रस्त्याकडेच्या मातीत बसतं आणि तिथून जात नाही. दिल्ली-मुंबईत गाड्या जास्त म्हणून तिथे आधी, हे कारण मला कळतं. तरी पाच वर्षं थांबायला लावणं मला आजही जास्तच वाटतं.

आणि हा क्रम एकदाच घडला असंही नाही. १ एप्रिल २०१०ला भारत स्टेज-४ लागू झालं, पुन्हा निवडक १३ शहरांत. त्यात मुंबई, पुणे होतीच, आणि आपल्या शेजारचं सोलापूरही होतं. मारुतीने ८००ला नव्या निकषात बसवण्याऐवजी त्या शहरांतली तिची विक्रीच थांबवली. बाकी देशात ती विकली जात राहिली, थेट जानेवारी २०१४मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत. म्हणजे सोलापूरसाठी जी नवीन गाडी जास्त घाण ठरली ती सव्वाशे किलोमीटरवरच्या लातूरसाठी चालत होती. स्टेज-४ देशभर आलं ते २०१७च्या एप्रिलमध्ये. तीनच वर्षांनी, २०२०च्या एप्रिलमध्ये, स्टेज-६. या वेळी पहिल्यांदाच सगळ्या देशाला एकच तारीख. पेट्रोलमधलं गंधक स्टेज-२ला ५०० पीपीएमपर्यंत चालायचं, आता १०.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते कंटाळवाणं आहे आणि लोकांना फक्त दंड ऐकायचा असतो. सडलेला सायलेन्सर काढून तसाच नवा बसवणं ही दुरुस्ती. त्याला कुणाची हरकत नाही. मूळ रचना बदलणं ही वेगळी गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये २०००च्या दुरुस्तीने हा नियम कडक झाला आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात तो उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आवाज-प्रदूषणाच्या निकषभंगासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड. जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून त्यांच्यावर रोड रोलर फिरवल्याचे फोटो महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांतून तुम्ही पेपरात पाहिले असतील. त्यात कर्णकर्कश बुलेट सापडते. जाळी काढलेली अल्टो सापडत नाही, कारण मागचा डबा शाबूत असेल तर आवाजात फारसा फरक पडतच नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजत नाहीत. ते कमी करणं हेही जाळीचंच काम.

एक धोका मात्र मालकाच्या स्वतःच्या घरातला आहे. कापून जोडलेल्या पाइपाचं वेल्डिंग गळायला लागलं, किंवा पाइप मागच्या बंपरपर्यंत न नेता मध्येच संपवला, तर धूर डिकीच्या रबरातून आत येतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. काचा लावून, एसी सुरू ठेवून, मागच्या सीटवर लेकरं झोपलेली. सरळ पाइपाच्या गप्पांत ही गोष्ट कुणी काढत नाही.

आता नवा अध्याय सुरू आहे. पॅलेडियम २०१९च्या सुमारास सोन्यापेक्षा महाग झालं आणि मुंबई-ठाण्याकडे उभ्या ईको व्हॅनखालून जाळ्या चोरीला जायला लागल्या. म्हणजे तुमची जाळी "फुकट" काढून देणारा ती भंगारात टाकत नाही, हेही समजून घ्या. आणि स्टेज-४, स्टेज-६च्या गाड्या आता सेकंडहँड होऊन आपल्याकडे येतायत. त्यांच्यात जाळीच्या पुढे-मागे ऑक्सिजन सेन्सर असतात. जाळी काढली की मीटरवर दिवा लागतो आणि स्कॅनरवर कोड येतो पी-०४२०. चारशे वीस! हा आकडा अमेरिकन इंजिनिअरांनी ठरवलाय, पण आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

हा दिवा विझवून देणारेही तयार झालेत. सेन्सरला खोटा सिग्नल देणारी छोटी डबी लावतात, नाहीतर लॅपटॉप जोडून गाडीच्या सॉफ्टवेअरमधून तो कोडच उडवतात. वेल्डिंगवाले मिस्त्री पिढीचे जुने होते, हे माझ्या वयाचे, माझ्याच शिक्षणाचे आहेत. फरक एवढाच की मिस्त्रींसमोर खरंच मेलेली जाळी होती. यांच्यासमोर बहुतेक वेळा चांगली असते. गाडी ओढत नसेल तर आधी प्लग, कॉइल, एअर फिल्टर बघायला सांगा. मग पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावायला सांगा. जाळी बुजली असेल तर काटा लगेच चढतो. दहा मिनिटांचं काम आहे. गेज नाही म्हणाले तर दुसऱ्या गॅरेजला जा.