फडाने मागितलेली विद्वत्ता

सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली १८७७ मध्ये. चादरीचं आणि गिरणीच्या भोंग्याचं हे गाव त्याआधी कितीतरी वर्षं शाहिरीत गाजलं होतं, ते राम जगन्नाथ जोशी यांच्यामुळे. १७६२ च्या सुमारास इथल्या वैदिक घराण्यात ते जन्मले. थोरले बंधू मुद्गलशास्त्री पुराण सांगत. धाकटा राम मात्र धोंडी शाहिराच्या तमाशात रमला. त्यापायी घर सुटलं, पंढरपुरात संस्कृत अध्ययन झालं, कीर्तनात नाव झालं आणि तरी पाय पुन्हा फडाकडेच वळले, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. तिचा सरधोपट अर्थ असा लावतात की शास्त्रीबुवांच्या घरची विद्या खाली उतरली आणि तिने अडाणी लावणीला शहाणं केलं. मला हा अर्थ मुळातच उलटा वाटतो. विद्वत्तेची भूक फडाला आधीपासून होती. रामजोशींनी ती ओळखली आणि भागवली.

पुरावा कलगी-तुऱ्यातच आहे. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. दोन फड समोरासमोर बसले की पुराणातली कोडी, कूटप्रश्न, सृष्टीच्या उत्पत्तीचे सवाल झडत, आणि जबाब सुचला नाही की भर सभेत हार. ज्या श्रोत्यांना हा झगडा कळत होता आणि आवडत होता, त्यांना कठीण शब्दांचं वावडं कसं असेल? म्हणूनच रामजोशींचं पांडित्य लावणीवर वरून चिकटवलेलं दिसत नाही. जटा वाढवून, वस्त्रं रंगवून देव सापडत नाही, असं ठणकावणारी त्यांची उपदेशपर लावणी पाहा. तिच्यात ‘ट’ या एकाच वर्णाचा असा मारा आहे की ढोलकीवर बोटं पडत असल्याचा भास व्हावा. संस्कृत काव्यशास्त्र याला अनुप्रास म्हणेल, पण झीलकऱ्याच्या लेखी तो ठेका आहे. छेकापन्हुतीची लावणीही तशीच. सखीला वाटावं की ही प्रियकराचंच वर्णन करते आहे, आणि शेवटी निघावं भलतंच काही. अलंकार ग्रंथातला असला तरी वागणूक थेट सवाल-जबाबाची. त्यांच्या रचनांत मराठी, कानडी, हिंदुस्थानी आणि संस्कृत यांची सरमिसळ आहे, आणि यांतल्या संस्कृतखेरीज बाकीच्या भाषा सोलापूरच्या बाजारपेठेत रोज कानांवर पडत. सीमेवरच्या गावाला ती परकी वाटण्याचं कारण नव्हतं.

विद्वत्ता आणि लोकप्रियता यांचा हाच वाद पुढे फार दूरच्या मुलखात, वेगळ्या वाद्यांवर रंगला. १९६७ मध्ये चार्टरहाउस या इंग्लिश शाळेतल्या मुलांनी ‘जेनेसिस’ हा बँड काढला. शाळेच्या प्रार्थनागृहातली स्तोत्रं त्यांच्या कानांत मुरलेली होती. १९७२ च्या ‘फॉक्सट्रॉट’ अल्बममधलं त्यांचं ‘सपर्स रेडी’ हे गाणं जवळपास तेवीस मिनिटांचं, अनेक खंडांचं आहे. त्याच वर्षी ‘येस’ या बँडने एकाच गाण्याने तबकडीची एक बाजू भरून काढली. पुढे पंक रॉकवाल्यांनी हल्ला चढवला की रस्त्यावरचं संगीत या शिकलेल्या पोरांनी दिवाणखान्यात नेऊन बसवलं. पण लांबलचक रचना ऐकणारा श्रोता तबकड्या विकत घेत होता, म्हणूनच त्या निघत होत्या. रामजोशींशी त्यांचा कसलाही संबंध नाही. तुलना एवढ्याचसाठी की लोकप्रिय कला आणि अवघड कला यांत वैर असतंच, हे गृहीतक दोन्हीकडे सारखंच लंगडं पडतं.

यावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो जातीचा आहे. लावणी जगवली ती बहुजनांनी, मग मान एका ब्राह्मण शाहिराला का? होनाजी गवळी होते, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. रामजोशींचं चरित्र तपशीलवार राहिलं, कारण लिहिणाऱ्यांना त्यांचं घराणं जवळचं होतं. धोंडी शाहिराच्या वाट्याला मात्र एका हकिकतीतला उल्लेख आला. हा अन्याय आहे. पण माझा मुद्दा त्याने खचत नाही, उलट बळावतो: मुद्गलशास्त्रींच्या घरातून मुलाला ओढून नेण्याइतकी ताकद धोंडीच्या फडात होती. दुसरा आक्षेप मीही अंशतः मान्य करतो. रामजोशींच्या काही रचनांत यमकांची इतकी दाटी होते की भाव गुदमरतो. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून घरोघर पोहोचवणाऱ्या माणसाला त्यांचा शब्दसोसही लागला असावा.

१९४७ मध्ये बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम यांच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ने जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांच्या रूपात ही कथा महाराष्ट्रभर नेली. आज रामजोशी आठवतात ते बहुतेक त्या चित्रपटातून, शृंगाराच्या एकदोन लावण्यांपुरते. कूट आणि उपदेशाच्या लावण्या शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या संग्रहात छापील पडून आहेत. सोलापूरच्या गायकांनी आणि शाहिरांनी त्या काढाव्यात, ढोलकी-तुणतुण्यासह एकही कडवं न गाळता गाव्यात, आणि अवघड आहेत म्हणून श्रोत्याला आधीच कमी लेखू नये.