जुनी घरे, दोन दिवसांचे पाहुणे

सव्हाना, चार्ल्सटन आणि नॅचेझ ही अमेरिकेच्या दक्षिणेतील जुनी शहरे आज शनिवार-रविवारच्या सहलीसाठी प्रसिद्ध आहेत. अटलांटातले कुटुंब शुक्रवारी काम आटोपून मोटारीने निघाले, तर चारशे किलोमीटरवरच्या सव्हानात रात्री मुक्कामाला पोचते; शनिवार जुने वाडे आणि चौक पाहण्यात जातो, रविवारी संध्याकाळी मंडळी घरी परततात. ही रीत फार तर शंभर वर्षांची. ती पडायला आधी जुनी घरे उभी राहायला हवी होती, आणि ती राहिली मुख्यतः गरिबीमुळे. यादवी युद्धानंतर या शहरांच्या हाती पैसा खेळला असता, तर तिथल्या लोकांनीच ती घरे पाडून नवी बांधली असती.

आखणीत सव्हानाचा हात धरणारे शहर दक्षिणेत नाही. १७३३ च्या फेब्रुवारीत जेम्स ओगलथॉर्प पहिल्या वसाहतकऱ्यांना घेऊन सव्हाना नदीच्या उंच काठावर उतरला. यामाक्रॉ लोकांचा प्रमुख टोमोचिची याने त्याला तेथे वसू दिले; दोघांमध्ये दुभाषाचे काम मेरी मस्ग्रोव्ह या बाईने केले. ओगलथॉर्पने शहर पेठांत मांडले. पेठेच्या मधोमध मोकळा चौक, चौकाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला मिळून ४० घरांच्या जागा, पूर्वेला आणि पश्चिमेला सार्वजनिक इमारतींसाठी चार मोठे तुकडे. दर घरामागे शहराबाहेर बाग आणि शेत धरून एकूण ५० एकर जमीन. वस्ती वाढली की त्याच मापाची आणखी एक पेठ जोडायची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे २४ चौक झाले. त्यांतले २२ आज आहेत. पायी हिंडणाऱ्याला दर दोन-तीन मिनिटांनी ओकच्या सावलीतला चौक लागतो, आणि मोटारीला मात्र प्रत्येक चौकाला वळसा घालावा लागतो. सहलीचे गाव म्हणून सव्हानाला मिळालेल्या यशाचे निम्मे श्रेय या अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीच्या नकाशाला द्यायला हरकत नाही.

चार्ल्सटन याहून जुने, १६७० चे. त्याची श्रीमंती आधी भाताची आणि निळीची. दलदलीत बांध घालणे, खाचरांत पाणी घेणे आणि सोडणे, कांडणी, पाखडणी ही सगळी विद्या पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांच्या हातात होती. मळ्यांचे मालक तिच्यावर गबर झाले. ओगलथॉर्पच्या जॉर्जिया वसाहतीत सुरुवातीला गुलामगिरीला बंदी होती, पण १७५१ पासून तीही उठली. १७९३ मध्ये सव्हानाजवळच्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनवले आणि कापसाने बाकी सगळ्या पिकांना मागे टाकले. मिसिसिपीच्या काठी, उंच कड्यावर १७१६ च्या फ्रेंच किल्ल्याभोवती वाढलेले नॅचेझ हे कापसाच्या मालकांचे राहण्याचे गाव झाले. शेते नदीपलीकडे, वाडे अलीकडे. पाहुणे आज पाहतात ते खांबांचे दर्शनी भाग, गोल जिने आणि उंच छतांचे दिवाणखाने या पैशातून आले.

१८६१ मध्ये यादवी पेटली आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. इंग्लंडच्या गिरण्यांना रुई मिळेना, म्हणून ती गुजरात, खानदेश आणि वऱ्हाडातून मुंबईमार्गे जाऊ लागली. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो ओसरला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. दक्षिणेत बुडाले ते अधिक काळ बुडालेलेच राहिले. नॅचेझने १८६२ मध्ये न लढता शरणागती पत्करली होती. १८६४ च्या डिसेंबरात उत्तरेच्या जनरल शर्मनने सव्हाना घेतले, ते न जाळता तारेने अध्यक्ष लिंकन यांना नाताळची भेट म्हणून कळवले. चार्ल्सटनवर मात्र दीर्घकाळ तोफा चालल्या, आणि १८८६ मध्ये भूकंपाने उरलेसुरले हलवले. भिंती फाकू नयेत म्हणून लोकांनी घराच्या आरपार लोखंडी सळ्या घातल्या. त्यांच्या टोकांच्या गोल चकत्या आजही भिंतींवर बाहेरून दिसतात. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कापसाचे बोंड पोखरणाऱ्या सोंडकिड्याने उरलेल्या शेतीचाही कणा मोडला.

या काळात पाहुणे येत नव्हते असे नाही, पण ते दोन दिवसांचे नव्हते. उत्तरेतले धनिक थंडी चुकवायला महिनोन्महिने येत. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीनमधले हेन्री फ्लॅगलरचे आलिशान हॉटेल १८८८ मध्ये उघडले ते त्यांच्यासाठी. चार्ल्सटनजवळच्या मॅग्नोलिया मळ्याच्या मालकानेही १८७० च्या दशकात आपली बाग पैसे घेऊन लोकांना दाखवायला सुरुवात केली. हा अपवाद होता. घराचे दार तिऱ्हाइताला उघडून त्याच्याकडून पैसे घेणे जुन्या घराण्यांना कमीपणाचे वाटे.

तो संकोच मोडला नॅचेझच्या बायकांनी. १९३१ च्या वसंतात मिसिसिपी राज्यातल्या उद्यान मंडळांचे संमेलन नॅचेझला भरले. ऐन वेळी उशिराची थंडी पडून बागा करपल्या. दाखवायला फुले नाहीत म्हणून यजमान बायकांनी पाहुण्यांना घरात नेले, आणि पाहुण्यांना बागांपेक्षा घरेच आवडली. पडके प्लॅस्टर, विटलेले पडदे, पण पणजोबांनी युरोपातून आणवलेले सामान जागच्या जागी. कॅथरिन ग्रॅफ्टन मिलर या बाईंनी हे हेरले आणि १९३२ च्या मार्चअखेर घरे दाखवण्याचा पहिला मोठा उपक्रम भरवला. त्याला ‘पिल्ग्रिमेज’ असे नाव दिले. मंदीचे दिवस, तरी माणसे आली. मिलरबाई पुढे गावोगाव स्लाइड दाखवत नॅचेझचा प्रचार करत फिरल्या. घराण्यातल्या मुली-सुना घेरदार झगे घालून खोलीखोलीत उभ्या राहत आणि आजीने शिकवलेल्या गोष्टी सांगत. तिकिटाच्या पैशातून छपरे दुरुस्त झाली, मुलांची शिक्षणे झाली.

पैसा आला तसे भांडणही आले. उत्पन्न घरमालकांना द्यायचे की मंडळाने ते जुन्या इमारतींवर खर्च करायचे, यावरून नॅचेझचे उद्यान मंडळ फुटले. १९३६ पासून दोन मंडळे झाली, दोघांच्या सहली वेगळ्या, आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेले. वर्तमानपत्रांना हा झग्यांचा संग्राम फारच आवडला. कोणत्याही गावच्या उत्सव समितीचा अनुभव असलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही.

नॅचेझच्या घरांत लाँगवुडची गोष्ट वेगळी. हॅलर नट या मळेवाल्याने फिलाडेल्फियाचा वास्तुविशारद सॅम्युएल स्लोन याच्याकडून अष्टकोनी, घुमटाचा प्रचंड वाडा आखून घेतला. १८६१ मध्ये युद्ध सुरू होताच उत्तरेतले कारागीर हत्यारे टाकून परतले. ३२ खोल्यांपैकी तळघरातल्या ९ पूर्ण झाल्या. १८६४ मध्ये नट वारला आणि कुटुंब तळघरातच राहिले. वरचे मजले आजही नुसत्या विटा आणि उघडे वासे या अवस्थेत आहेत.

चार्ल्सटनमध्ये सुरुवात राखण्यापासून झाली, दाखवणे नंतर आले. तिथल्या घरांची ठेवण न्यारी आहे: अरुंद बाजू रस्त्याकडे, रुंदीला एकच खोली, आणि एका अंगाला लांबलचक ओसरी. रस्त्यावरचे दार घरात न उघडता ओसरीत उघडते. अशा घरांच्या जागी मोटारींची दुकाने आणि पेट्रोल पंप येऊ लागले. घरांतले लाकडी कोरीवकाम, पूर्ण दिवाणखानेच्या दिवाणखाने उत्तरेतली संग्रहालये विकत नेऊ लागली. जमीन-घरांचे व्यवहार करणाऱ्या आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटलेल्या सुझन प्रिंगल फ्रॉस्ट यांनी १९२० मध्ये संस्था काढून जोसेफ मॅनिगॉल्टचा वाडा वाचवला. १९३१ मध्ये शहराने कायदाच केला: ठरावीक भागात घराच्या बाहेरच्या रूपात शहराने नेमलेल्या मंडळाच्या परवानगीशिवाय बदल करायचा नाही. अशा प्रकारचा हा अमेरिकेतला पहिला कायदा. त्याच सुमारास, १९२९ मध्ये, कूपर नदीवर मोटारींचा पूल झाला होता आणि पाहुण्यांचा ओघ वाढला होता. पुलापलीकडच्या हमरस्त्यावर कृष्णवर्णी बायकांनी टोपल्यांची दुकाने मांडली. सुवासिक गवताची वळी ताडाच्या पातीने शिवत नेतात. शिवायला चमच्याचा दांडा चेपून केलेली टोचणी. यांच्या पूर्वजांनी मळ्यावर भात पाखडायला अशीच रुंद, उथळ सुपे विणली होती.

दोन दिवसांची सहल सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली ती कायद्याने आणि रस्त्यांनी. १९३८ च्या कामगार कायद्याने आठवड्याचे तास बांधले आणि १९४० पासून ४० तासांची मर्यादा लागू झाली. शनिवार मोकळा झाला. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले. वातानुकूलनाने दक्षिणेचा उन्हाळा सुसह्य केला. पण ही मोकळीक गोऱ्यांसाठी होती. कृष्णवर्णी कुटुंबाला वाटेत जेवण, खोली, कधी कधी पेट्रोलही मिळत नसे. कोठे थांबता येईल याची यादी देणारे ‘ग्रीन बुक’ न्यूयॉर्कचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ मध्ये काढले. हॉटेलांतला वर्णभेद कायद्याने संपला तो १९६४ मध्ये.

सव्हाना या सगळ्यात मागे होते. १९४६ मध्ये आलेल्या ब्रिटिश राजकारणी लेडी ॲस्टर यांनी शहराला मळक्या तोंडाची सुंदर बाई म्हटले, आणि ते शहराला झोंबले. १९३५ मध्येच हमरस्त्यासाठी तीन चौक चिरले गेले होते. १९५४ मध्ये एलिस चौकातली जुनी मंडई पाडून तेथे मोटारींसाठी मजली गॅरेज उभारले गेले. दुसऱ्याच वर्षी आयझाया डेव्हनपोर्टच्या १८२० च्या घरावर पाळी आली. त्यात तेव्हा गरीब भाडेकरू दाटीवाटीने राहत होते, आणि शेजारच्या अंत्यविधी करणाऱ्या धंद्याला पार्किंगसाठी ती जागा हवी होती. सात बायकांनी पैसे जमवून २२,५०० डॉलरला घर घेतले आणि ‘हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन’ सुरू केले.

त्यांच्यापुढची खरी अडचण विटांची होती. गुलामांनी हाताने पाडलेल्या करड्या ‘सव्हाना ग्रे’ विटांना उपनगरांतल्या नव्या घरांसाठी इतका भाव होता, की उभ्या घरापेक्षा पाडलेले घर फायद्याचे. फाउंडेशनने यावर फिरत्या निधीचा मार्ग काढला. ली ॲडलर हे त्याचे प्रमुख चालक. धोक्यातले घर निधीतून घ्यायचे, ते दुरुस्त करीन आणि पाडणार नाही असे खरेदीखतात लिहून देणाऱ्याला विकायचे, आलेल्या पैशातून पुढचे घर. घर दुरुस्त करण्याचा खर्च नव्या मालकाचा, म्हणून थोड्या भांडवलात शेकडो घरे वाचली. भाडेकरूंचे काय, हा प्रश्न या हिशेबात नव्हता. जुन्या पेठांतून कृष्णवर्णी कुटुंबे हळूहळू बाहेर पडली. १९७० च्या दशकात ॲडलर यांनीच व्हिक्टोरियन भागात कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी घरे दुरुस्त करण्याची वेगळी योजना काढली, पण ती तुलनेने लहान होती.

सव्हानाचे नाव जगभर झाले ते १९९४ मध्ये. जॉन बेरेंट यांचे तिथल्या एका खुनाच्या खटल्यावरचे ‘मिडनाइट इन द गार्डन ऑफ गुड अँड ईव्हिल’ हे पुस्तक चार वर्षे न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत होते. गावात त्याला नुसते ‘द बुक’ म्हणतात. मुखपृष्ठावर बोनाव्हेंचर दफनभूमीतला एका मुलीचा पुतळा होता. तो पाहायला एवढे लोक आले, की कुटुंबाच्या खासगी जागेतून तो हलवून संग्रहालयात ठेवावा लागला. एलिस चौकातले गॅरेजही पुढे पाडले गेले आणि २०१० मध्ये चौक पुन्हा खुला झाला. मोटारी आता त्याच्याखाली तळघरात उभ्या राहतात.

या सहलींत अनेक दशके मालकांच्या चांदीच्या भांड्यांची माहिती भरपूर मिळे, ती घासणाऱ्यांची मिळत नसे. नॅचेझच्या उत्सवी कार्यक्रमात कृष्णवर्णी लोक असत ते कापूस वेचण्याच्या देखाव्यात. गावाच्या वेशीवर, ‘फोर्क्स ऑफ द रोड’ येथे, १८३३ पासून १८६३ पर्यंत दक्षिणेतला एक सर्वांत मोठा गुलामांचा बाजार भरत होता. ती जागा २०२१ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली. सव्हानाबाहेरच्या शर्यतीच्या मैदानावर १८५९ च्या मार्चमध्ये दोन दिवसांत चारशेहून अधिक माणसे विकली गेली. तेथे फलक लागायला २००८ साल उजाडले. सव्हानातल्याच ओवेन्स-थॉमस वाड्याच्या मागच्या अंगणातल्या गुलामांच्या खोल्यांत जुन्या निळ्या रंगाचे थर सापडले होते. भुताखेतांना दूर ठेवायला तो देत, असे मानतात. २०१८ पासून त्या खोल्यांचा उल्लेख संग्रहालयाच्या नावातच आला आहे. चार्ल्सटनला गॅड्सडेनच्या धक्क्यावर, जिथे आफ्रिकेतून आलेली जहाजे रिकामी होत, २०२३ मध्ये आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचे मोठे संग्रहालय उघडले.

पाहुण्यांना काय सांगायचे, यावरही सव्हाना आणि चार्ल्सटन या दोन्ही शहरांचा ताबा होता. पैसे घेऊन शहर दाखवायचे तर गाइडला शहराचे जाडजूड पुस्तक वाचून परीक्षा द्यावी लागे आणि परवाना घ्यावा लागे. बोलण्यासाठी परवाना कशाला, असे म्हणत गाइड कोर्टात गेले. सव्हानाने २०१५ मध्ये अट स्वतःच काढली. चार्ल्सटनची अट संघराज्याच्या न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. घोडागाड्यांचे मार्ग आणि पाहुण्यांना दोन रात्रींसाठी भाड्याने द्यायची घरे यांवरचे निर्बंध मात्र अजून कडक आहेत, कारण त्यांचा त्रास आता त्या दुरुस्त केलेल्या घरांत राहणाऱ्यांना होतो.