नदीकाठचा विकास आणि आदिवासींचा वारसा : पेडणे-डिचोलीचा संदर्भ

शापोरा नदी पेडणे तालुक्याला डिचोली व बार्देशपासून वेगळे करते. सह्याद्रीतून तिळारी या नावाने उतरणारी ही नदी इब्रामपूर, हसापूर, साळ, मेणकुरे अशा गावांजवळून जात मोरजीजवळ समुद्राला मिळते. पेडण्याच्या उत्तर सीमेवर तेरेखोल आहे, तर डिचोलीचे पाणी वाळवंटी व डिचोली नदीवाटे मांडवीला जाते. या काठांवर आज रेती उपसा, जेटी, रिसॉर्ट आणि भूखंड यांचा दाब आहे. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने शापोरा आणि मांडवी या दोन्ही नद्यांना जलमार्गाचा दर्जा दिला आहे.

गोव्यात गावडा, कुणबी व वेळीप या समाजांना २००३मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. २०११च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या १,४९,२७५, म्हणजे राज्याच्या सुमारे १० टक्के होती. पेडण्यात हे प्रमाण अत्यल्प आहे. पठारांवरील धनगर-गवळी समाज या यादीत अद्याप नाही. त्यामुळे नदी व पठार यांच्याशी बांधलेले जीवन असूनही त्याला आदिवासींसाठीच्या संरक्षणाचा आधार मिळत नाही.

या समाजांचा वारसा केवळ मंदिरात वा किल्ल्यात नसतो. धालोचा मांड, देवराई, राखणदाराचे स्थान, झर, नदीची कोंड आणि खाजन शेती ही त्याची ठिकाणे होत. खाजनात बांध व मानशीच्या साहाय्याने भरतीचे खारे पाणी रोखून भात व मासळी दोन्ही घेतली जातात. फोंडा तालुक्यातील काही गावांत पौष महिन्यात खाजनाच्या चिखलाची मगर घडवून तिची पूजा केली जाते. बांध फुटला वा चिखल बुजला, तर शेतीबरोबर हा विधीही संपतो. डिचोलीत खाणींच्या गाळाने शेतांची व ओहोळांची काय अवस्था झाली, हे खाणपट्ट्यातील गावांनी अनुभवले आहे.

नोंद नसलेला वारसा सहज नष्ट होतो. कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ येथील प्रागैतिहासिक कातळशिल्पे १९९३मध्ये स्थानिकांच्या माहितीमुळे अभ्यासकांसमोर आली. ती तोवर कोणत्याही सरकारी नकाशावर नव्हती. काठावर आधीच बांधकाम झाले असते, तर ती कायमची गाडली गेली असती.

कायद्याची चौकट अपुरी आहे. गोव्यात पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्र नसल्याने पेसा कायदा लागू होत नाही. २००६चा वनहक्क कायदा ग्रामसभेला नैसर्गिक व सांस्कृतिक वारसा जपण्याचा अधिकार देतो, परंतु तो वनजमिनीपुरता आहे. नदीकाठची बरीच जमीन कोमुनिदाद, कूळ वा खाजगी मालकीची असते. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११च्या अधिसूचनेत भरती-ओहोटीच्या नद्यांसाठी १०० मीटर किंवा पात्राची रुंदी यांपैकी जे कमी असेल ते अंतर होते. २०१९च्या अधिसूचनेत ते ५० मीटरवर आले. नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखालील नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये रद्द केले, तरी ३९अ सारख्या तरतुदींमुळे भूवापर बदलाचा प्रश्न कायम आहे.

मोपा विमानतळाचे उदाहरण बोधप्रद आहे. पर्यावरणीय मूल्यमापनातील त्रुटींमुळे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९मध्ये प्रकल्पाची मंजुरी स्थगित केली, जानेवारी २०२०मध्ये अटींसह ती उठवली आणि जानेवारी २०२३मध्ये विमाने उडू लागली. पठार पाणी साठवून खालच्या झरींना पुरवते, हा मुद्दा गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. मंजुरीच्या कागदावर तो वेळेत आला नाही.

यावर उपाय उपलब्ध आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक पंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. देवराई, झर, मांड, मासे विणीच्या जागा व खाजनाचे बांध त्यात नोंदले, ग्रामसभेच्या ठरावाला जोडले आणि नकाशावर दाखवले, तर हरकतीला आधार मिळतो. अन्यथा जाणकार वृद्धांबरोबर ती माहितीही जाते आणि पुढच्या आराखड्यात तो काठ फक्त मोकळी जमीन म्हणून उरतो.