टाय रॉड: दोन चाकांमधल्या दांड्याची गोष्ट

डहाणू-विरार लोकलमध्ये नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे ज्यांचा ऑडिओ मध्येच अडकतो त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आजचा विषय गाडीचं स्टिअरिंग. बोअरिंग वाटेल, पण पाच मिनिटं द्या.

२०२३ च्या जुलैमध्ये मारुती सुझुकीनं जाहीर केलं की ते ८७,५९९ गाड्या परत बोलावतायत. मॉडेल दोन, एस-प्रेसो आणि ईको. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या. कारण काय, तर स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या एका भागात दोष असू शकतो. क्वचित प्रसंगी तो भाग तुटू शकतो आणि मग गाडी वळवण्यावर, सांभाळण्यावर परिणाम होऊ शकतो. भाग कंपनी फुकट बदलून देणार.

पेपरात ही बातमी चार ओळींची होती. पण आपल्याकडे वाणगाव, चिंचणी, कासा, चारोटी, तलासरी या पट्ट्यात ईको म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. एसटी चुकली की ईको. बाजाराला ईको, दवाखान्याला ईको, लग्नाला ईको. पाच-सात सीटच्या गाडीत माणसं किती बसतात हेही सांगायला नको. त्यामुळे 'क्वचित प्रसंगी तुटू शकतो' हे वाक्य मी तीन वेळा वाचलं.

आता हा टाय रॉड आहे तरी काय? त्यासाठी थोडं मागं जाऊ. बरंच मागं, बैलगाडीपर्यंत.

बैलगाडीला स्टिअरिंग नसतं. कासरा ओढला की बैल वळतो, बैलामागं जू वळतं आणि जुवामागं गाडी. दोनच चाकं, त्यामुळे भानगड नाही. भानगड सुरू होते चार चाकांपासून. वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या. शाळेतली कवायत आठवा: रांग वळताना आतला मुलगा जवळपास जागीच पावलं टाकतो आणि टोकाचा मुलगा धावतो. म्हणजे पुढची दोन्ही चाकं सारखीच वळवली तर एक चाक रस्त्यावर घासत जाणार. आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं.

हे कोडं १८१७ मध्ये म्युनिकच्या गेऑर्ग लांकेनस्पेर्गर या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसानं सोडवलं. त्यानं पुढचा अख्खा आख फिरवण्याऐवजी प्रत्येक चाकाला स्वतःची खुंटी दिली आणि दोन्ही चाकं एका दांड्यानं जोडली. दांड्याचं माप असं की आतलं चाक आपोआप जास्त वळावं. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट रुडॉल्फ आकरमन या एजंटच्या नावावर निघालं आणि आजही जगभरचे मेकॅनिकल इंजिनीअर त्याला 'आकरमन जॉमेट्री' म्हणतात. काम एकाचं, नाव एजंटचं. आयटीवाल्यांना हे ओळखीचं वाटेल.

गंमत म्हणजे कार्ल बेंझची १८८६ ची पहिली मोटार तीनचाकी होती. पुढची दोन चाकं नीट कशी वळवायची हे त्याला तेव्हा जमलं नव्हतं, म्हणून पुढं एकच चाक ठेवलं. चारचाकीसाठीच्या स्टिअरिंगचं पेटंट त्याला १८९३ मध्ये मिळालं. इंजिन आधी सुटलं, वळण नंतर. आणि ते वळण ज्या दांड्यावर चालतं, तोच आजचा टाय रॉड. ईकोच्या खाली वाकून बघा, दोन्ही चाकांकडं जाणारे दांडे दिसतील. टोकाला बॉल जॉइंट आणि त्यावर रबरी टोपी.

ती टोपी फाटली की आत चिखल-पाणी जातं, ग्रीस निघून जातं, जॉइंट झिजतो. मग स्टिअरिंगला 'प्ले' येतो, म्हणजे तुम्ही फिरवता पण चाक लगेच ऐकत नाही. कायद्यानं यालाही मर्यादा आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ९८ सांगतो की स्टिअरिंगवरचा हा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा आणि बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात. ३० अंश म्हणजे घड्याळात बारापासून एकपर्यंत. मला विचाराल तर ही मर्यादाच फार ढिली आहे. तरीही ती न पाळणाऱ्या गाड्या रोज आपल्या शेजारून जातात.

इथं एक घोटाळा दूर करू. 'स्टिअरिंग फेल' या दोन शब्दांत आपण वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. टाय रॉड किंवा बॉल जॉइंट तुटला तर चाकाशी संबंधच तुटतो. हे क्वचित होतं, पण झालं तर हातात काही उरत नाही. दुसरा प्रकार जास्त दिसतो: पॉवर स्टिअरिंगची मदत जाते. इंजिन बंद पडलं, मोटर गेली, की चक्र एकदम दगडासारखं जड होतं. माणूस घाबरतो, त्याला वाटतं लॉक झालं. लॉक झालेलं नसतं. आतला लोखंडी जोड शाबूत असतो. दोन्ही हातांनी जोर लावला तर गाडी वळते, ब्रेकही जोरात दाबला तर लागतो. चावी मात्र चालत्या गाडीत काढायची नाही, कारण चावी काढली की खरोखरचा स्टिअरिंग लॉक बसू शकतो. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलला गाडी सोडणारे काका प्रत्येक घरात एक असतात. त्यांना हा परिच्छेद फॉरवर्ड करा.

ही मदत जाणं किती महागात पडतं ते अमेरिकेत दिसलं. जनरल मोटर्सच्या शेवर्ले कोबाल्ट आणि इतर काही गाड्यांचा इग्निशन स्विच इतका सैल होता की चावीच्या जुडग्याच्या वजनानं किंवा गुडघ्याच्या धक्क्यानं तो चालता-चालता फिरायचा. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि वर एअरबॅगही बंद. कंपनीतल्या लोकांना हा दोष अनेक वर्षं माहीत होता, रिकॉल सुरू झाला २०१४ मध्ये. भरपाईच्या निधीनं १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

याच कंपनीची आणखी जुनी गोष्ट आहे. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हे पुस्तक आलं. त्यातला एक मुद्दा स्टिअरिंगच्या दांड्याचा होता. तेव्हाच्या गाड्यांत चक्रापासून पुढच्या टोकापर्यंत सरळ लोखंडी दांडा असायचा. समोरून धडक बसली की तो मागं सरकून ड्रायव्हरच्या छातीत घुसायचा, अक्षरशः भाल्यासारखा. जनरल मोटर्सनं उत्तर देण्याऐवजी नेडरच्या मागं गुप्तहेर लावले. ते उघडकीला आलं आणि १९६६ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना सिनेटसमोर माफी मागावी लागली. त्याच वर्षी वाहन सुरक्षेचा कायदा झाला. धडकेत दुमडणारा दांडा १९६७ च्या मॉडेलांत आला आणि १ जानेवारी १९६८ पासून स्टिअरिंगचा दांडा ड्रायव्हरच्या अंगावर येऊ नये याचे नियम तिथल्या नव्या मोटारींना लागू झाले.

आणि आपण? आपण तेव्हा कुर्ल्यात फिएट बनवत होतो. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची तीच गाडी पुढं पद्मिनी म्हणून मुंबईची टॅक्सी झाली. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच, चक्र बसच्या चक्रासारखं मोठं आणि प्ले तर काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा स्वभावच. रॅक अँड पिनियनचं नेमकं, हलकं स्टिअरिंग सामान्य भारतीयाच्या हातात आलं ते डिसेंबर १९८३ नंतर, मारुती ८०० मधून. सदोष गाडी परत बोलावण्याचा नियम यायला मात्र आणखी किती वेळ लागला बघा. २०१२ मध्ये कंपन्यांच्या संघटनेनं, सियामनं, ऐच्छिक नियमावली केली. सक्तीचं कलम, ११० अ, मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या गाड्या, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. अमेरिकेच्या कायद्यानंतर अर्धं शतक उलटून गेलं होतं.

आता आपल्या दारातला अपघात. ४ सप्टेंबर २०२२, रविवार दुपार. उदवाड्याहून मुंबईला परतताना सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मागच्या सीटवरचे दोघे, मिस्त्री आणि त्यांच्या शेजारचे प्रवासी, गेले. दोघांनीही सीटबेल्ट लावले नव्हते. त्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्टिअरिंग लॉक झालं' असले मेसेज हमखास फिरणार होतेच. तपासात मात्र बोलणं झालं ते रस्त्याचं, वेगाचं आणि बेल्टचं. तीन पदरी रस्ता पुलापाशी दोन पदरी होतो आणि तिसऱ्या लेनमधल्या गाडीला आत घुसावं लागतं. शेजारी ट्रक असेल तर कुठं घुसणार? मर्सिडीजनं पोलिसांना दिलेल्या माहितीनुसार धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि आदळताना ८९. १०० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. चक्र कितीही चांगलं असलं तरी त्याला वळायला जागा लागते.

हाच रस्ता आता आणखी भरणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं, खर्च सुमारे ७६ हजार कोटी. बंदर महामार्गाला जोडायला सुमारे ३२ किलोमीटरचा नवा रस्ता होतोय. बंदर हवं की नको यावर आमच्या किनाऱ्यावर दोन घरांत तीन मतं आहेत, तो वेगळा भाग करू. कंटेनर मात्र येणार, आणि त्यांच्या शेजारून जाणार आपली ईको.

ऑगस्ट २०२४ मध्ये मारुतीनं २,५५५ ऑल्टो के१० परत बोलावल्या, स्टिअरिंग गिअर बॉक्समधल्या संभाव्य दोषासाठी, आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं सांगितलं. मोबाईलमधला बग रात्री झोपेत पॅच होतो. टाय रॉड तसा होत नाही, गाडी उचलून वर्कशॉपला न्यावी लागते. त्याआधी निरोप मालकापर्यंत पोचावा लागतो. निरोप जातो कंपनीकडं नोंद असलेल्या मालकाला. ईको दुसऱ्या, तिसऱ्या हातात गेली, नंबर बदलला, की निरोप जुन्याच माणसाच्या फोनमध्ये पडून राहतो.

म्हणून एक काम. तुमच्या घरी, शेजारी किंवा रोजच्या फेरीला २०२१ ते २०२३ मधली ईको असेल तर आरसी बुकावरचा चॅसिस नंबर घ्या आणि कंपनीच्या वेबसाईटवर तो टाकून बघा, रिकॉलमध्ये आहे का ते कळतं. ड्रायव्हर दादांना वेळ नसेल तर त्यांच्यासमोर तुमच्याच फोनवर करा. कासा किंवा तलासरीला पोचायच्या आत होतं.