नवा रोग आणि समाजमन : मद्रासमधील एचआयव्हीचा शोध आणि जनजागृती (१९८६–२००४)

प्रस्तावना

साथीचा इतिहास म्हणजे केवळ जंतू आणि औषधे यांचा इतिहास नव्हे. नवा रोग आला की समाज प्रथम विचारतो, ‘हा रोग कोणाचा?’ या प्रश्नाच्या उत्तरावर प्रतिबंधाची दिशा ठरते. भारतातील एचआयव्हीचा आरंभकाळ हे याचे ठळक उदाहरण आहे आणि त्याचे केंद्र मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, हे शहर होते.

शोधाची पार्श्वभूमी

अमेरिकेत १९८१ मध्ये एड्सची पहिली नोंद झाली. भारतात मात्र हा पाश्चात्त्यांच्या स्वैर जीवनाचा रोग आहे, असा समज होता. मद्रास तर परंपराप्रिय शहर मानले जाई. मद्रास मेडिकल कॉलेजमधील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सॉलोमन यांनी हा समज तपासून पाहायचे ठरवले. त्या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातल्या. हे काम त्यांनी आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला प्रबंधासाठी दिले.

निर्मला यांनी शासकीय सुधारगृहात ठेवलेल्या, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे ८० हून अधिक नमुने गोळा केले. मद्रासमध्ये तपासणीची सोय नव्हती. म्हणून नमुने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये नेले. फेब्रुवारी १९८६ मध्ये त्यांतील सहा नमुन्यांत एचआयव्हीची प्रतिपिंडे आढळली. पुढे अमेरिकेतील ‘वेस्टर्न ब्लॉट’ चाचणीनेही निष्कर्ष पक्का झाला. तामिळनाडूचे आरोग्यमंत्री एच. व्ही. हंडे यांनी ही माहिती विधानसभेत दिली.

पहिली प्रतिक्रिया : नकार

लोकांनी आधी चाचणीवरच शंका घेतली. एका मराठी, म्हणजे ‘बाहेरच्या’, बाईने आमच्या समाजाला अस्वच्छ ठरवावे, असा रागही डॉ. सॉलोमन यांच्यावर निघाला. निष्कर्षापेक्षा तो सांगणाऱ्याच्या जातकुळीची चर्चा झाली.

येथे आणखी एक बाजू लक्षात घ्यावी लागते. आपले रक्त कशासाठी घेतले जात आहे, हे त्या स्त्रियांना सांगितले गेले नव्हते. माहितीपूर्ण संमतीचा आजचा निकष लावला, तर ही मोठी उणीव ठरते. शिवाय पहिले रुग्ण याच गटात सापडल्याने ‘हा त्यांचा रोग, आपला नव्हे’ ही समजूत घट्ट झाली. म्हणजे ज्या शोधाने ‘भारतात एड्स नाही’ हा भ्रम मोडला, त्यातूनच दुसरा भ्रम रुजला.

भीती की विश्वास?

प्रतिबंधाचे दोन मार्ग पुढे आले. पहिला सक्तीचा. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाला संसर्ग आढळताच सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ६४ दिवस डांबून ठेवण्यात आले. एचआयव्ही स्पर्शाने वा सहवासाने पसरत नाही. त्यामुळे अशा कोंडण्याने संसर्ग थांबत नाही. उलट, लोक तपासणीलाच घाबरतात आणि नकळत होणारा प्रसार चालू राहतो.

दुसरा मार्ग विश्वासाचा. डॉ. सॉलोमन यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र (वायआरजी केअर) सुरू केले. स्वेच्छेने तपासणी, गुप्तता आणि समुपदेशन यांवर तेथे भर होता. तामिळनाडू राज्य एड्स नियंत्रण सोसायटी १९९४ मध्ये स्थापन झाली. तिच्यामुळे सरकारी खात्याच्या चाकोरीबाहेर वेगाने निर्णय घेणे शक्य झाले आणि पुढे इतर राज्यांनीही हा नमुना स्वीकारला. १९९७ मध्ये बाधितांचे राष्ट्रीय स्तरावरील संघटन चेन्नईतूनच उभे राहिले. जे आजवर जनजागृतीचा ‘विषय’ होते, ते आता स्वतः बोलू लागले.

‘त्यांचा रोग’ ही समजूत खोडून काढण्यात संशोधनाचाही वाटा होता. पुण्यातील १९९७ च्या एका अभ्यासात, पतीशी एकनिष्ठ असलेल्या विवाहित स्त्रियांमध्येही संसर्ग आढळला. चेन्नईतील केंद्राचा अनुभवही तसाच होता. धोका स्त्रीच्या ‘चारित्र्यात’ नव्हता. पतीला निरोध वापरण्यास सांगता न येणे, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. केवळ माहिती देणारी जनजागृती येथे अपुरी पडते.

१ एप्रिल २००४ पासून तांबरमच्या शासकीय रुग्णालयासह देशातील काही निवडक केंद्रांत मोफत औषधोपचार सुरू झाला. उपचार मिळणार असेल, तर तपासणीला अर्थ येतो. म्हणून उपचार हाही प्रतिबंधाचाच भाग ठरला.

सारांश

मद्रासच्या अनुभवात तीन टप्पे दिसतात : नकार, ‘परक्यांवर’ दोषारोप आणि शेवटी सहभाग. हे टप्पे एकामागून एक सरळ येत नाहीत. तिसरा टप्पा सुरू झाला तरी दुसरा संपत नाही. भेदभावाला मनाई करणारा एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ मध्ये, म्हणजे शोधानंतर तीन दशकांनी करावा लागला, यावरून हे स्पष्ट होते. डॉ. सॉलोमन यांचे २०१५ मध्ये निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. ज्या सहा स्त्रियांच्या रक्ताने देशाला सावध केले, त्यांची नावे मात्र या इतिहासात नाहीत.

विचारासाठी प्रश्न

१. विशिष्ट गटाची तपासणी रोगाच्या शोधासाठी उपयुक्त, पण जनजागृतीसाठी अडचणीची कशी ठरू शकते?
२. गोवा आणि चेन्नई येथील प्रतिसादांची तुलना करा.
३. ‘माहिती मिळाली की वर्तन बदलते’ या विधानाची वरील उदाहरणांच्या आधारे चिकित्सा करा.