हरिपूरची पेवे : जमिनीखालची वखार आणि आजची बाजारपेठ

सांगली म्हटले की हळद आणि हळद म्हटली की हरिपूरची पेवे आठवतात. कृष्णा-वारणेच्या संगमावरील या गावाने सांगलीच्या पेठेला जमिनीखालची वखार दिली. येथील माती घट्ट. खोल खणले तरी कडा ढासळत नाहीत. अरुंद तोंडाचे व रुंद पोटाचे पेव खणून, आतून शेणमातीने सारवून, पाला व चटया लावून त्यात हळद भरीत आणि तोंड लिंपून टाकीत. आतील प्राणवायू कमी होत जाई. त्यामुळे कोणतेही औषध न वापरता हळद वर्षानुवर्षे किडीवाचून राही. पेव उघडल्यावर मात्र काही तास हवा खेळू देत आणि आत सोडलेला कंदील विझत नाही, हे पाहूनच हमाल खाली उतरत.

आपल्या समाजातील शेतकऱ्यांनी ही हळद पिकविली, व्यापाऱ्यांनी तिची अडत केली. पेवातील माल जागचा न हलता केवळ पावतीवर विकला जाई. डोळ्यांआडच्या मालावरील हा विश्वास म्हणजे अचौर्य अणुव्रताचे व्यवहारातील रूपच होय. पुढे सांगलीत हळदीचा वायदेबाजारही भरू लागला.

२००५ च्या महापुराने हे चित्र पालटले. पेवांत पाणी शिरून हळदीची मोठी हानी झाली आणि व्यापार गोदामे व शीतगृहांकडे वळला. २०१८ साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला मान मिळाला, पण बहुतेक पेवे ओस पडली.

मग जुन्या वखारींना नव्या बाजारात स्थान नसते काय? अमेरिकेतील बोस्टन शहराचे उदाहरण बोलके आहे. तेथील १८२६ सालचे क्विन्सी मार्केट व त्यालगतच्या दगडी वखारी मोडकळीस आल्या होत्या. त्या पाडून न टाकता त्यांचा जीर्णोद्धार झाला आणि १९७६ साली तेथे नवी बाजारपेठ उघडली.

नदीकाठची सारी पेवे पुन्हा भरणे शहाणपणाचे नाही, कारण २०१९ सालीही महापूर आलाच. परंतु शाबूत असलेली मोजकी पेवे दुरुस्त करून बाजारपेठेशी जोडता येतील. तेथे ग्राहकाला हळदीबरोबर तिचा इतिहासही पाहता येईल. मंदिरांच्या जीर्णोद्धाराला आपण पुण्यकार्य मानतो. ज्या पेवांनी आपल्या वाडवडिलांची सचोटी सांभाळली, त्यांचाही विचार या सुवर्णमहोत्सवी वर्षात व्हावा.

जय जिनेंद्र!